मोटारीच्या पुढच्या चाकांना ब्रेक लावायला इतकी वर्षं का लागली?

घाटउतार

मंडळी, मागच्या रविवारी पोराला घेऊन जुन्या गाड्या बघायला गेलो होतो. एक फोर्ड मॉडेल टी होती, 1923 ची. लाकडी आऱ्यांची चाकं पोराला दाखवताना लक्षात आलं की पुढच्या चाकांच्या आत काहीच नाही. ना ड्रम, ना दांडी, ना केबल. गाडी सांभाळणाऱ्या काकांना विचारलं, "पुढचे ब्रेक काढून ठेवलेत का?" ते म्हणाले, "काढायला आधी असावे लागतात."

त्या गाडीत पायाचा ब्रेक गिअरबॉक्समधल्या ड्रमवरचा पट्टा आवळतो आणि हाताचा ब्रेक मागच्या दोन चाकांना लागतो. बस. पुढे ठणठण गोपाळ.

ब्रेक मारला की अंग पुढे झुकतं, म्हणजे वजन पुढच्या चाकांवर येतं, हे एसटीत उभं राहून प्रवास केलेल्या कुणालाही माहीत आहे. बेंझची तीनचाकी 1886 ची. मग पुढचा ब्रेक सर्रास दिसायला 1920 चं दशक का उजाडावं? एवढे हुशार इंजिनिअर काय करत होते? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबिस्कीट

त्यांच्या आयांनी सांगितलं असेल, "पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर पडशील."

लोखंडी_पोहे

+१. अॅटलास सायकल, इयत्ता सातवी, आमच्या आळीचा उतार. पुढचे दोन दात अजून नकली आहेत.

शून्य_ते_शंभर

यात कोडं कसलं? कंपन्यांना खर्च नको होता. मागच्या दोन ब्रेकवर गाड्या खपत होत्या, मग चार कशाला द्यायचे? अलीकडेपर्यंत एअरबॅगची तीच गत होती की. शिवाय ब्रिटनमध्ये 1904 पासून नियम होता तो दोन स्वतंत्र ब्रेक हवेत एवढाच. एक गिअरबॉक्सच्या मागे आणि एक मागच्या चाकांना लावला की कायदा खूश.

डर्बीकर

खर्चाचा मुद्दा आहेच, पण तो नंतरचा. मुळात कल्पना सुचायला उशीर झाला नव्हता. हॉलंडच्या स्पायकरने 1903 मध्येच चारही चाकांना ब्रेक असलेली गाडी बनवली होती. स्कॉटलंडच्या अॅरोल-जॉन्स्टनने 1909 मध्ये प्रयत्न केला आणि थोड्याच काळात सोडून दिला. 1910 मध्ये इटलीच्या इसोटा फ्रास्कीनीने पुढचे ब्रेक आणले, त्याच सुमारास ग्लासगोजवळच्या आर्गाइलने. आर्गाइलमध्ये तेव्हा आंरी पेरो नावाचा फ्रेंच इंजिनिअर होता. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर प्रश्न "का सुचलं नाही" असा नाही. सुचलं, लावलं आणि गाडी वेडीवाकडी पळायला लागली, म्हणून काढून टाकलं. ब्रेक बनवणं सोपं होतं. तो ज्या एक्सलवर बसवायचा तो पुढचा एक्सल त्या कामाचाच नव्हता. माझ्या मते ही सगळी गोष्ट ब्रेकची कमी आणि पुढच्या एक्सलची जास्त आहे.

घाटउतार

हे जरा फोडून सांगा. एक्सल म्हणजे एक लोखंडी दांडा, त्यात कामाचा-बिनकामाचा काय फरक?

तीन_पाटे

घाटउतारसाहेब, याचं उत्तर मी डोळ्यांनी बघितलंय. माझं कोल्हापुरात गॅरेज आहे. वडिलांपासून जीपची कामं करतो.

पंधरा-सोळा वर्षांमागं एक जुनी विलीज आली. तक्रार एकच, ब्रेक मारला की स्टिअरिंग हातातनं ओढून घेते. आधी एका गॅरेजवाल्यानं चारी चाकांचे लायनर बदलून पैसे घेतले होते, फरक शून्य. मी ड्रम उघडले, सगळं टकाटक. मग पोराला चालवायला बसवलं, पुढच्या पाट्याच्या (एक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) बाजूवर खडूनं सरळ रेघ मारली आणि बाजूनं पळत बघितलं. पोरानं ब्रेक दाबला तशी ती रेघ इंग्रजी एस अक्षरासारखी वळली! पाट्याचा पुढचा अर्धा भाग खाली दबला, मागचा वर उचलला. म्हणजे ड्रमनं शू (आतून ड्रमला घासून थांबवणारे ब्रेकचे तुकडे) पकडले, शूनं एक्सलला पकडलं आणि चाकाबरोबर अख्खा एक्सलच पुढं गडगडायला बघत होता. पाटे पार मेलेले, त्यांना एक्सलशी आवळणारे यू बोल्ट ढिले, मग त्याला थोपवणार कोण? पाटे नवे भरले, यू बोल्ट आवळले, गाडी सरळ.

आता विचार करा, ही ब्रेकसाठी बनवलेली जीप. ज्या एक्सलला ब्रेकचा पिळा कधी माहीतच नाही, त्याला ब्रेक लावल्यावर काय होत असेल?

डर्बीकर

तीन_पाटे, तुमच्या खडूच्या रेघेला दंडवत. नेमकं हेच.

यात स्टिअरिंग का ओढलं जातं ते सांगतो. स्टिअरिंगच्या पेटीपासून एक लांब दांडी, ड्रॅग लिंक, चाक वळवणाऱ्या लोखंडी हातापर्यंत (आर्मपर्यंत) जाते. ती पेटी चेसिसला पक्की आणि तो हात एक्सलच्या वरच्या अंगाला. ब्रेक मारल्यावर एक्सलचा माथा पुढे झुकला की हातही पुढे जायला बघतो, पण दांडी त्याला धरून ठेवते. झालं, चालकाने काही न करता चाक वळलं! त्या काळच्या चालकाला वाटायचं ब्रेकच खुनशी आहे.

मग एक्सलचा आकार. जुने पुढचे एक्सल घडीव, आय आकाराच्या छेदाचे. रेल्वेच्या रुळासारखं समजा. वरून वजन पडलं की आय भक्कम, पण पिळ घातला की अगदी लेचापेचा. ब्रेक नसताना एक्सलला फक्त वजन पेलायचं होतं. ब्रेक आल्यावर पाट्याच्या बैठकीपासून किंगपिनपर्यंतचा (ज्या खिळ्याभोवती चाक वळतं तिथपर्यंतचा) तुकडा पिळवटायला लागला. म्हणून पुढे एक्सल मधे आय आणि दोन्ही टोकांना गोल किंवा लंबगोल घडवायला लागले. गोल छेद पिळाला उभा राहतो.

चहाबिस्कीट

थोडक्यात मधे आय आणि टोकाला लाडू.

स्पॅनरताई

मी ब्रेक टेस्टिंगमध्येच काम करते, म्हणून थोडं गणित. झोप आली तर पुढच्या प्रतिसादावर जा.

समजा गाडी 1500 किलोची, उभी असताना वजन पुढे-मागे निम्मं निम्मं. दोन एक्सलमधलं अंतर 3 मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून 65 सेंटीमीटर वर. रस्ता कोरडा पण त्या काळचा, म्हणून घर्षणांक 0.6 धरू. चारही चाकं पूर्ण ताकदीने थांबवली तर जवळजवळ 195 किलो वजन मागून पुढे सरकतं. पुढे 945, मागे 555. आता फक्त मागे ब्रेक असतील तर ज्या चाकांवरून वजन उडतंय त्यांच्याच भरवशावर थांबायचं. हिशेब केला तर गतिमंदन (वेग घटण्याचा दर; 1 जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका) 0.6 जी ऐवजी 0.27 जीच्या आसपास मिळतं. ताशी 50 किमी वेगाने थांबायला चार ब्रेकना साधारण 16 मीटर, दोन ब्रेकना 37. म्हणजे दुपटीहून जास्त.

आणि मागची चाकं लॉक झाली की गाडीचं शेपूट फिरतं, ते वेगळंच. ओल्या कॉबल दगडांवर तर विचारू नका.

शून्य_ते_शंभर

गणित मान्य. पण मग हे ऐका. 1914 ची फ्रेंच ग्रां प्री, लियों. पूजो, देलाज, फियाट यांच्या गाड्यांना चारही चाकांना ब्रेक, मर्सिडीजला फक्त मागे. जिंकलं कोण? मर्सिडीज, पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक! एवढा दुपटीचा फायदा होता तर चार ब्रेकवाले हरले कसे?

मुक्ता_ना

वा, माझी आवडती शर्यत आणलीत! 4 जुलै 1914. महायुद्ध महिन्यावर आलेलं, फ्रेंच विरुद्ध जर्मन, लाखोंची गर्दी. एक फेरी 37 किलोमीटरच्या वर, अशा 20 फेऱ्या. पूजोवर जॉर्ज ब्वालो, फ्रान्सचा लाडका. मर्सिडीजच्या गाड्या सरळ रस्त्यावर जास्त दमदार होत्या, तरी ब्वालो वळणावर उशिरापर्यंत वेग न सोडता आत घुसायचा आणि ब्रेकच्या जोरावर अंतर भरून काढायचा. त्याने शर्यतीत बराच काळ आघाडी ठेवली ती अशीच. पण टायर बदलायला त्याला पुन्हा पुन्हा थांबावं लागलं आणि शेवटच्या फेरीत गाडीने दम तोडला. मर्सिडीजवाला लाउटेनश्लागर जिंकला.

त्यामुळे "चार ब्रेकवाले हरले" हे निकालाच्या तक्त्यावरून खरं आहे, पण पुढच्या ब्रेकमुळे हरले असं नाही. उलट कमी ताकदीच्या गाडीला त्यांनीच झुंजत ठेवलं.

शून्य_ते_शंभर

ठीक, अर्धा मुद्दा मागे घेतो. अर्धाच.

निवृत्त_ओव्हरसियर

आमच्या मामांकडे बेबी ऑस्टिन होती, म्हणजे ऑस्टिन सेव्हन. मी लहानपणी त्यात बसलोय. ती गाडी 1922 पासूनच चार ब्रेकांची, पण गंमत अशी की पायाचा ब्रेक मागच्या चाकांना आणि हाताचा ब्रेक पुढच्या चाकांना! 1930 मध्ये ते एकत्र जोडले, पण मामांची त्याआधीची. उतारावर मामा एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने तो लिव्हर असा खेचायचे की विहिरीतून बादली काढतायत. मामी मागून ओरडायच्या, "अहो, दोन्ही हात चाकावर ठेवा!" मामा म्हणायचे, "मग थांबवू कशाने?"

लहान स्वस्त गाडीला चार ब्रेक दिले आणि तरी पायाला मात्र मागचेच ठेवले, यातच कळतं की पुढच्या ब्रेकची धास्ती किती होती. माणूस घाबरला की आधी पाय दाबतो. तेव्हा पुढची चाकं लॉक होऊ नयेत एवढी खबरदारी.

लोखंडी_पोहे

धास्तीवरून आठवलं. 1920 च्या दशकात इंग्लंडमध्ये चार ब्रेकवाल्या गाड्यांच्या मागे लाल त्रिकोण लावायचे. मागच्याने अंतर राखावं, कारण ही गाडी खटकन थांबते आणि तुझी थांबणार नाही.

चहाबिस्कीट

आमच्याकडे ट्रकमागे "थँक यू, पुन्हा भेटू" लिहितात. त्रिकोणाचा उत्क्रांत अवतार.

घाटउतार

बरं, एक्सलचं कळलं. पण चाक वळतं, पाट्यावर वरखाली होतं, मग ब्रेकची दांडी तिथवर नेली कशी? वळण घेतलं की ती खेचली जाणार नाही?

डर्बीकर

जाणार! तीच दुसरी डोकेदुखी. आता पेरोला बोलवा.

त्याने पुढच्या ब्रेकसाठी एक आडवा शाफ्ट घेतला. एक टोक चेसिसवर, दुसरं ड्रमजवळ. ड्रमकडचा सांधा त्याने बरोबर किंगपिनच्या रेषेवर ठेवला, म्हणजे चाक कितीही वळलं तरी सांधा जागच्या जागी फिरतो आणि शाफ्टची लांबी बदलत नाही. चेसिसकडचं टोक गोळ्यावर आणि सरकतं, म्हणून पाटे दबले-उठले तरी ब्रेक आपोआप लागत नाही की सुटत नाही. दिसायला साधं, पण हा सांधा एक बोटभर इकडेतिकडे झाला तर प्रत्येक वळणावर एक ब्रेक घट्ट आणि एक ढिला. आर्गाइल 1914 मध्ये बुडाली. पेरोची रचना मात्र युद्धानंतर फ्रान्समध्ये पसरली आणि 1924 मध्ये व्हिन्सेंट बेंडिक्सने तिचे हक्क अमेरिकेत नेले.

शिवाय किंगपिनच तिरका केला. त्याची रेषा खाली वाढवली तर टायर जिथे रस्त्याला टेकतो त्याच्या जवळ पोचावी. ती रेषा टायरपासून लांब पडली तर डावा ब्रेक उजव्यापेक्षा जरा जास्त लागताच चाक स्वतःहून वळायला बघतं. जवळ पडली तर तरफच उरत नाही.

तीन_पाटे

म्हणून किंगपिनचे बुश झिजले की ब्रेक मारताना हात थरथरतात. आता गिऱ्हाइकाला हे समजावताना तुमचा हा प्रतिसाद वाचून दाखवणार.

मुक्ता_ना

दांड्यांना कंटाळून तेलाकडे वळलेले दोघे राहिले की! माल्कम लॉकहीडने 1917 मध्ये द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. तो विमानवाल्या लॉकहीडचाच भाऊ, आडनावाचं मूळ स्पेलिंग वेगळं. अमेरिकेच्या ड्युसनबर्ग बंधूंनी 1921 मध्ये ल मांच्या फ्रेंच ग्रां प्रीत हायड्रॉलिक ब्रेकच्या गाड्या आणल्या. त्यांचा चालक जिमी मर्फीच्या बरगड्या सरावातल्या अपघातात दुखावलेल्या, छातीला पट्ट्या बांधून तो बसला. रस्ता फुटून दगड उडत होते, शेवटी रेडिएटरला भोक पडलं, तरी तो बालो कंपनीची गाडी चालवणाऱ्या राल्फ डी पाल्माच्या पुढे पोचला. शून्य_ते_शंभर, आता उरलेला अर्धा मुद्दा?

शून्य_ते_शंभर

आता पाव राहिला.

स्पॅनरताई

ड्युसनबर्गच्या मॉडेल ए मध्ये तर तेल न्यायला पोकळ एक्सल आणि किंगपिनमधूनच वाट काढली होती. वळणाऱ्या सांध्यातून दाबाखालचं द्रव न्यायचं आणि गळू द्यायचं नाही! मशीनिंग करणाऱ्याच्या हाताला सलाम. पण मोठ्या संख्येने बनवायला ते झेपणारं नव्हतं. 1924 च्या क्रायस्लरमध्ये सुधारलेले लॉकहीड ब्रेक आले, चामड्याच्या वॉशरऐवजी रबरी कप. आपल्या व्हील सिलिंडरच्या किटमध्ये आजही येतात तेच.

निवृत्त_ओव्हरसियर

ही सगळी चाचणी व्हायची कुठे? आता तुमच्याकडे मोठमोठे ट्रॅक आहेत.

स्पॅनरताई

आधी सार्वजनिक रस्ता आणि शर्यती, हीच प्रयोगशाळा. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सचा ट्रॅक 1907 चा. तिथे 1909 मध्ये टेस्ट हिल नावाचा चढ बांधला, सर्वांत उभ्या जागी चारात एक, म्हणजे चार फुटांना एक फूट चढ. चढून इंजिन तपासायचं आणि उतरताना ब्रेक. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1924 मध्ये मिलफर्डला स्वतःची बंदिस्त चाचणीभूमी उभारली, तेव्हा हवामान, भार, रस्ता तोच ठेवून पुन्हा पुन्हा मोजायची सोय झाली. ब्रेकच्या चाचणीत एकदा छान थांबली याला किंमत नाही. तापलेल्या ड्रमवर दहावीस वेळा सरळ थांबली पाहिजे.

डर्बीकर

आणि मोजायला टॅप्ले मीटर. तेलात बुडालेला जड लोलक, ब्रेक मारला की पुढे झुकतो आणि काटा सांगतो किती टक्के जी. इथे इंग्लंडात रोलरवर चढवता न येणाऱ्या गाड्यांच्या वार्षिक तपासणीत तो अजून वापरतात.

श्रीमंतांची गाडी राहिली. इस्पानो-सुइझा एच6, 1919. तिच्या रचनाकाराने, मार्क बिर्किग्टने, गिअरबॉक्सवरून हळू फिरणारा एक क्लच घेतला, पायाने तो नुसता टेकवायचा, मग गाडीचा वेगच ब्रेक ओढतो. रोल्स-रॉईसने हक्क विकत घेऊन 1924 मध्ये चार ब्रेक आणले. स्वतःबद्दल एवढा अभिमान असलेली कंपनी परवाना घेते, यावरून काय ते समजा.

लोखंडी_पोहे

आणि बेंटली? 1923 च्या पहिल्या ल मां शर्यतीत जॉन डफची बेंटली फक्त मागच्या ब्रेकवर धावली. पुढच्या वर्षी पुढे ब्रेक लावून आली आणि जिंकली.

चहाबिस्कीट

शून्य_ते_शंभर, पाव मुद्द्याबरोबर मिसळ घ्या.

शून्य_ते_शंभर

घेतो, पण खर्चाचं म्हणणं सोडत नाही! सगळं सिद्ध झाल्यावरही फोर्डने टी ला शेवटपर्यंत पुढे ब्रेक दिले नाहीत. मॉडेल ए आली तेव्हा, म्हणजे 1927 च्या अखेरीस, दिले. तोवर लाखो टी रस्त्यावर. नवा एक्सल, नवी हब, नवं सगळं. सांगा, हा पैशाचा प्रश्न नाही?

डर्बीकर

आहे. 1919 नंतरच्या उशिरासाठी तुमचं म्हणणं मला मान्य. आधीच्या दहा वर्षांसाठी एक्सल आणि मग युद्ध. आणि एक्सलचं भांडण ब्रेकनंतरही मिटलं नाहीच. फुगीर कमी हवेचे टायर आले, ड्रमचं वजन आलं आणि पुढची चाकं थडथडायला लागली. शेवटी 1934 च्या सुमारास अनेक अमेरिकन गाड्यांमध्ये तो आडवा दांडाच गेला, दोन्ही चाकं स्वतंत्र झाली. लान्चाने लाम्डामध्ये हे 1922 मध्येच केलं होतं, चार ब्रेकांसकट.

घाटउतार

सगळ्यांचे आभार. पण नुसतं वाचून चैन पडेना, म्हणून आज सकाळी त्या टी वाल्या काकांना फोन केला. ते म्हणाले, या, मोजूनच बघू. सोसायटीच्या मागच्या रिकाम्या सिमेंटच्या रस्त्यावर खडूने रेघ मारली. स्पीडोमीटर नाही, म्हणून मोबाइलवर वेग बघत ताशी 30 ला आणली आणि रेघेवर काकांनी हातब्रेक ओढून पायाचा पट्टाही दाबला. मागची दोन्ही चाकं घसरत गेली, सिमेंटवर दोन काळे पट्टे, पुढची चाकं मात्र मजेत फिरत होती. शेपूट हातभर डावीकडे सरकलं. रेघेपासून 19 पावलं.

मग त्याच रेघेवर, त्याच वेगाने माझी वॅगनआर. साडेसहा पावलं.

पोराने दोन्ही आकडे वहीत लिहिलेत. काका म्हणाले, घाईत असले की ते कधीकधी मधलं रिव्हर्सचं पेडल दाबून थांबवतात, त्याने पट्टा कमी झिजतो. स्पॅनरताई, तुमच्या गणिताशी जुळतंय का बघा.

स्पॅनरताई

एक पाऊल पाऊण मीटर धरलं तर टी ची 14 मीटरच्या थोडी वर, म्हणजे 0.25 जी च्या आतबाहेर. अगदी जुळतंय. पुढच्या वेळी रस्ता ओला करून नका बघू, शेपूट हातभर सरकून थांबणार नाही.

तीन_पाटे

आणि वॅगनआरच्या वेळी पोराला बाजूनं पळत बघायला लावलं नाहीत ना? ते काम मोठ्यांचं.